पेसमेकरधारी रुग्णाचा विषाद : निदान, सत्त्वावजय व औषधयोजनेतील सावधानता

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तिसाव्या अध्यायात आचार्यांनी हृदयास ‘महत्’ आणि ‘अर्थ’ असे पर्याय दिले असून इंद्रिये, विज्ञान, चेत आणि चिंत्य विषय या सर्वांचा आश्रय हृदयच सांगितला आहे. त्याच अध्यायात पुढे, ज्याला हृदय व ओज यांचे रक्षण करावयाचे आहे त्याने मनाला दुःख देणारी कारणे विशेषत्वाने टाळावीत, असा उपदेश येतो. पदवी अभ्यासक्रमात आपण सर्वांनी हा भाग पाठ केला आहे. परंतु हृदयावर शस्त्रकर्म झालेला रुग्ण समोर बसला असता आपण त्याचे हृदय तपासतो, रक्तदाब मोजतो, पथ्य सांगतो आणि मनाचा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. प्रस्तुत लेखात पेसमेकर बसविलेल्या रुग्णांत आढळणाऱ्या मानसिक विकारांचा विचार आम्ही व्यवहाराच्या अंगाने करणार आहोत. आमच्या हातून झालेली एक चूकही त्यात सांगावी लागणार आहे.

यंत्राचे कार्य थोडक्यात

हृदयाच्या उजव्या अलिंदातील नैसर्गिक गतिकेंद्रात विद्युत्संदेश निर्माण होतो आणि वहनमार्गाने तो निलयांपर्यंत पोहोचतो. गतिकेंद्र मंदावले अथवा वहनमार्गात पूर्ण अवरोध झाला तर हृदयाचे ठोके अतिशय कमी होतात. रुग्णास भोवळ येते, तो एकाएकी कोसळतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. अशा वेळी पेसमेकर हा खात्रीचा उपाय आहे. वीस ते तीस ग्रॅम वजनाचे हे यंत्र बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेच्या आत ठेवतात आणि त्याची तार शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात नेतात. स्थानिक भूल पुरते. बॅटरी सर्वसाधारणपणे आठ ते बारा वर्षे टिकते आणि त्यानंतर यंत्र बदलावे लागते.

पेसमेकर आणि धक्का देणारे डिफिब्रिलेटर यांत चिकित्सकाने गल्लत करू नये. साधा पेसमेकर मंद हृदयास अतिसूक्ष्म प्रेरणा देतो, ती रुग्णाला सहसा जाणवतही नाही. डिफिब्रिलेटर घातक शीघ्रगती थांबविण्यासाठी जोराचा धक्का देतो. तो धक्का अनुभवलेल्या रुग्णांत भय व चिंता अधिक प्रमाणात आढळतात. रुग्णाच्या खिशातील यंत्राचे ओळखपत्र पाहिल्यास कोणते यंत्र आहे हे लगेच कळते. ते पाहण्याची सवय आपण लावून घ्यावी.

शास्त्रीय विचार

हृदय हे सद्यःप्राणहर मर्म आहे. साधक पित्त, अवलंबक कफ, व्यान वायू आणि ओज यांचा हृदयाशी साक्षात संबंध आहे. रसवह स्रोतसाचे मूळ हृदय असून अतिचिंतन हे त्याच्या दुष्टीचे एक कारण सांगितले आहे. ओजःक्षयाच्या लक्षणांत भीती वाटणे, दौर्बल्य, सतत विचार करीत राहणे, इंद्रियांची व्यथा आणि कांतिहानी यांचा उल्लेख आहे. पेसमेकर बसविल्यानंतर काही महिन्यांनी ‘सगळे रिपोर्ट चांगले आहेत, पण मला बरे वाटत नाही’ असे म्हणणाऱ्या रुग्णाचे हे जणू शब्दचित्रच आहे. रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये आचार्यांनी विषादाला अग्रस्थान दिले आहे. रुग्ण निरुत्साही झाला की औषध वेळेवर घेत नाही, चालणे सोडतो, जेवण टाळतो, तपासणीची तारीख चुकवितो. हृद्रोग आणि विषाद एकत्र असता दोन्हींचा परिणाम अधिक वाईट होतो, हे आधुनिक हृद्रोगशास्त्रानेही मान्य केले आहे.

एक रुग्णवृत्त

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आले. वय सदुसष्ट. पाच महिन्यांपूर्वी देवळाच्या पायरीवर भोवळ येऊन पडले, पूर्ण हृदयावरोधाचे निदान झाले आणि पेसमेकर बसविला गेला. तक्रार एवढीच की झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते. आम्ही नाडी पाहिली. मिनिटाला साठ, अगदी नियमित. रक्तदाब ठीक. ‘गुरुजी, आता काळजीचे कारण नाही,’ असे सांगून एक हृद्य अरिष्ट आणि निद्रेसाठी सर्पगंधायुक्त वटी लिहून दिली. सर्व मिळून सात-आठ मिनिटे लागली असतील.

तीन आठवड्यांनी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. म्हणाल्या, ‘डॉक्टर, झोप लागते, पण हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. काल मुलाला ह्यांच्या उशीखाली जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सापडलं. कशाला ठेवलं विचारलं तर बोलत नाहीत.’

आम्ही त्याच दिवशी गुरुजींना बोलाविले, दार लावून घेतले आणि सरळ विचारले, ‘गुरुजी, जीव द्यावा असे मनात येते का?’ बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मला मरायचं नाही हो. पण हे यंत्र मला वेळ आली तरी मरू देणार नाही. माझा थोरला भाऊ दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता. माझं तसं झालं आणि हे आत चालूच राहिलं तर? म्हणून चुंबक जवळ ठेवलं. त्यानं ते बंद पडतं असं कुणी तरी सांगितलं.’

त्या क्षणी आम्हाला आमच्या तीन चुका एकदम दिसल्या. पहिली, नाडीच्या नियमिततेवरून रुग्ण स्वस्थ मानला. ती नियमितता यंत्राची होती, गुरुजींची नव्हे. दुसरी, अनिद्रा हे लक्षण आहे हे विसरून केवळ निद्रेची चिकित्सा केली. तिसरी चूक अधिक गंभीर होती. सर्पगंधेतील रिसर्पिन या घटकामुळे विषाद उत्पन्न होऊ शकतो अथवा वाढू शकतो, हे १९५० च्या दशकापासून वैद्यकास ज्ञात आहे. असे द्रव्य आम्ही मनाची चौकशी न करता एका खिन्न माणसाला दिले. त्यांची अवस्था त्यामुळेच बिघडली असे निश्चयाने म्हणता येणार नाही. पण त्यामुळे बिघडली नाही, असेही आम्ही म्हणू शकत नाही.

वटी त्याच दिवशी बंद केली. घरच्यांनी त्यांना एकटे सोडू नये असे सांगितले. दुसऱ्या दिवशी हृद्रोगतज्ज्ञांकडे यंत्राची तपासणी व मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरविली. पण त्याआधी गुरुजींच्या प्रश्नाला उत्तर देणे आवश्यक होते.

आम्ही म्हटले, ‘गुरुजी, हे यंत्र म्हणजे शाळेची घंटा. घंटा झाली की मुले रांगेने वर्गात जातात. पण शाळा कायमची सुटली, एकही मूल उरले नाही, तर घंटा कितीही वाजली तरी कोण येणार? यंत्र केवळ घंटा देते. आकुंचन पावतात ते तुमच्या हृदयाचे स्नायू. त्यांचे आयुष्य संपले की यंत्र त्यांना चालवू शकत नाही. आणि चुंबकाने ते बंदही पडत नाही. चुंबक जवळ असेपर्यंत ते ठरावीक वेगाने ठोके देत राहते, इतकेच.’ गुरुजी प्रथमच थोडे हसले. म्हणाले, ‘मग उगीचच त्या चुंबकावर मान अवघडली माझी.’

मानसोपचारतज्ज्ञांनी मध्यम तीव्रतेच्या विषादाचे निदान करून औषध सुरू केले. आम्ही तीन महिने दर आठवड्यास अर्धा तास त्यांना दिला. चौथ्या महिन्यात ते शेजारच्या मुलांना गणित शिकवू लागले. खिन्नतेचे दिवस पुढेही अधूनमधून आले, परंतु ते आता बोलू लागले होते.

रुग्णाच्या मनातील भये

या प्रसंगानंतर आम्ही प्रत्येक पेसमेकरधारी रुग्णास ‘या यंत्राबद्दल मनात काय भीती आहे?’ असा प्रश्न विचारू लागलो. उत्तरे बहुधा पुढील प्रकारची येतात.

१. यंत्र एकाएकी बंद पडेल. खरे पाहता बॅटरी हळूहळू उतरते आणि नियमित तपासणीत ते बरेच आधी कळते.

२. मोबाइल, मिक्सर, टीव्ही यांनी यंत्र बिघडेल. मोबाइल यंत्रापासून सुमारे पंधरा सेंटिमीटर दूर असावा, वरच्या खिशात ठेवू नये, उजव्या कानाशी धरावा. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर राखावे. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह यांचा नेहमीचा वापर चालतो. भीतीपोटी स्वयंपाकघरातच पाऊल न टाकणाऱ्या गृहिणी आम्ही पाहिल्या आहेत. घरातील आपले स्थान गेले, हेच त्यांच्या खिन्नतेचे मूळ असते.

३. हात हलविला तर तार निघेल. पहिले चार ते सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर नेऊ नये, हे खरे. परंतु पुढेही महिनोन्‌महिने हात छातीशी धरून ठेवल्यास खांदा आखडतो, अवबाहुक होतो. मग त्या वेदनेला रुग्ण हृदयाची वेदना समजतो आणि भय दुणावते.

४. पतिपत्नी संबंधांचे भय. हा विषय रुग्ण स्वतः काढीत नाही. जखम भरल्यावर, हृदयाची स्थिती ठीक असता, संबंधांस प्रत्यवाय नाही, हे वैद्याने आपण होऊन सांगावे.

५. व्रण व उंचवटा यांचा संकोच. विशेषतः कृश व्यक्तींत व स्त्रियांत.

६. आपण आता यंत्रावर जगतो, पूर्वीचे माणूस राहिलो नाही, ही भावना.

काही रुग्ण चिंतेपोटी त्वचेखालील यंत्र सतत चाचपतात, फिरवितात. त्यामुळे तार गुंडाळली जाऊन आपल्या जागेवरून सरकू शकते. १९६८ मध्ये या अवस्थेचे प्रथम वर्णन झाले. रुग्णाचा हात वारंवार गळपट्टीखाली जात असेल तर ते लक्षात घ्यावे.

आधी काय वगळावे

मनाचा विकार हे निदान करण्यापूर्वी शरीराची व यंत्राची बाजू पाहणे बंधनकारक आहे. केवळ निलयास प्रेरणा देणाऱ्या एकतारी यंत्रात कधी अलिंद व निलय यांचा मेळ बिघडतो. थकवा, भोवळ, धाप, मानेतील शिरांचे ठोके जाणवणे ही लक्षणे मग उत्पन्न होतात. ती चिंतेसारखीच दिसतात, मात्र उपाय यंत्राच्या फेरजुळणीत असतो. शरीराच्या हालचालीनुसार वेग वाढविणारी यंत्रे खडबडीत रस्त्यावरील प्रवासात ठोके वाढवू शकतात. रुग्ण ‘एसटीत बसलो की धडधडते’ म्हणाला तर ती कल्पना समजू नये.

अमिओडॅरोन या औषधात आयोडिन असते. त्याने अवटू ग्रंथीचे कार्य कमी अथवा अधिक होऊन खिन्नता किंवा बेचैनी येऊ शकते. बीटा अवरोधक औषधांनी थकवा येतो. मूत्रल औषधांनी वृद्धांत सोडियम घटून भ्रम व ग्लानी येते. म्हणून थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम, पोटॅशियम आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ या तपासण्या पाहाव्यात.

नाडीपरीक्षेबाबत विशेष सूचना अशी की या रुग्णांत नाडीची संख्या व नियमितता यंत्राच्या अधीन असू शकते. तेवढ्यावरून दोषनिर्णय करू नये. एकतारी स्थिरगती यंत्रात रुग्ण भयाने व्याकूळ असूनही नाडी साठच राहू शकते. नाडी ठरविलेल्या किमान वेगापेक्षा सातत्याने कमी लागली, पुन्हा भोवळ आली, उचकीसारखे पोटात उडू लागले, अथवा यंत्राच्या जागी लाली, सूज वा स्राव दिसला तर रुग्णास विनाविलंब हृद्रोगतज्ज्ञांकडे धाडावे. त्या जागी लेप, जलौका अथवा वेधन कदापि करू नये.

विषाद कसा ओळखावा

दोन प्रश्न पुरेसे आहेत. गेल्या दोन आठवड्यांत नेहमीच्या गोष्टींतील रस वा आनंद कमी झाला आहे का? उदास, खिन्न, निराश वाटते का? प्रत्येक उत्तरास ‘मुळीच नाही’ शून्य, ‘काही दिवस’ एक, ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ दोन, ‘जवळजवळ रोज’ तीन असे गुण द्यावेत. बेरीज तीन वा अधिक आल्यास सविस्तर परीक्षण करावे. अशा रुग्णास जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचाराबद्दल स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट रुग्णाचा भार हलका होतो. होकार आल्यास रुग्णास एकटे सोडू नये, नातेवाइकांस विश्वासात घ्यावे, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी संपर्क साधावा. केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक दवाखान्यात आणि औषधालयात दिसेल असा लावावा.

चिकित्सा

दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय या त्रिविध चिकित्सेपैकी येथे सत्त्वावजयास प्राधान्य आहे. अहितकर विषयांपासून मनाला परावृत्त करणे, एवढ्या अर्थाने तो व्यवहारात आणावयाचा तर पुढील क्रम उपयोगी पडतो.

प्रथम ज्ञान. यंत्र काय करते व काय करीत नाही, हे रुग्णाच्या व्यवसायातील दृष्टांताने सांगावे. शेतकऱ्यास मोटेचा, शिक्षकास घंटेचा. १९५८ मध्ये स्टॉकहोम येथे ज्यांच्या शरीरात प्रथम पेसमेकर बसविला गेला, त्या आर्ने लार्सन यांचे पहिले यंत्र काही तासच चालले. पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलून ते शहाऐंशी वर्षांपर्यंत जगले आणि २००१ मध्ये हृदयाशी संबंध नसलेल्या व्याधीने निवर्तले. ते यंत्र बनविणारे अभियंता एल्मक्विस्ट आणि शल्यचिकित्सक सेनिंग या दोघांच्याही नंतर ते गेले. ही हकीकत आम्ही रुग्णांना आवर्जून सांगतो.

नंतर धैर्य. टाळलेली कामे क्रमाने पुन्हा सुरू करावीत. आज अंगणापर्यंत, उद्या कोपऱ्यापर्यंत, पुढच्या आठवड्यात बाजारापर्यंत. घरच्यांनी अतिरिक्त जपणूक थांबवावी. शेवटी आधार. रुग्णास ठरलेल्या दिवशी ठरलेला वेळ द्यावा. तेवढ्या वेळात औषधाची चिठ्ठी लिहिण्याची घाई करू नये.

बाह्योपचारांत शिरोभ्यंग व पादाभ्यंग सुखकर ठरतात. यंत्राच्या जागी मर्दन, ताडन व उरोबस्ती वर्ज्य. वमनादि तीव्र शोधन हृद्रोगतज्ज्ञांशी विचारविनिमय केल्यावाचून करू नये. डायथर्मी व विद्युत्प्रवाहाने वेदनाशमन करणारी यंत्रे वापरू नयेत. अर्श-भगंदरादि कर्मांत विद्युद्दहन यंत्र वापरणाऱ्या शल्यचिकित्सकांनी रुग्णास पेसमेकर आहे का, हे आधी विचारावे. त्या प्रवाहाने यंत्राची प्रेरणा तात्पुरती थांबू शकते.

मध्यम व तीव्र विषादात मानसोपचारतज्ज्ञांची औषधे आवश्यक असतात. ती अथवा हृदयाची औषधे आपण बंद करू नयेत, बंद करण्याचा सल्लाही देऊ नये.

औषधयोजना व औषधालय चालकांसाठी

१. सर्पगंधा व तिचे कल्प विषादयुक्त रुग्णास देऊ नयेत.

२. वत्सनाभयुक्त कल्प, उदाहरणार्थ ज्वरावर सहज मागितला जाणारा त्रिभुवनकीर्ती, हृद्रोग्यास चिठ्ठीवाचून देऊ नये. वत्सनाभाने हृदयाची घातक अनियमित गती उत्पन्न होऊ शकते. पेसमेकर मंदगतीपासून रक्षण करतो, अशा शीघ्रगतीपासून नव्हे. करवीराबाबतही हीच दक्षता घ्यावी.

३. यष्टिमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे अथवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांत ते धोक्याचे आहे.

४. अश्वगंधेने थायरॉइडच्या पातळीत बदल होऊ शकतो. अमिओडॅरोन घेणाऱ्या रुग्णास ती तपासणीवाचून देऊ नये.

५. जटामांसी, ब्राह्मी, शंखपुष्पी सौम्य अवस्थेत सहायक म्हणून योजाव्यात. झोपेच्या आधुनिक गोळ्या चालू असता जटामांसीची जोड टाळावी.

६. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. मधुमेही, निद्राकर औषधे वा रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांच्या बाबतीत त्याचा विचार व्हावा.

औषधालय चालकांस एक विनंती आहे. तोच वृद्ध ग्राहक दर पंधरवड्यास झोपेचे चूर्ण वा वटी नेत असेल, तर बाटली देण्याआधी विचारावे, ‘काका, हृदयात यंत्र बसवलंय का? झोप किती दिवसांपासून नाही?’ आणि त्यांना वैद्याकडे पाठवावे. एक विक्री कमी होईल. पण गुरुजींसारख्या रुग्णाला वैद्याच्या आधी तुम्हीच भेटत असता.

उपसंहार

पेसमेकरने हृदयाचा ठोका सांभाळला जातो. त्या हृदयात राहणाऱ्या मनाकडे पाहण्याचे काम बाकी राहते आणि ते आपल्या शास्त्राने आपल्यावर सोपविलेलेच आहे. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. ओळखपत्र पाहणे, दोन प्रश्न विचारणे, उत्तर ऐकण्यापुरता वेळ देणे आणि योग्य वेळी योग्य तज्ज्ञाकडे पाठविणे एवढे पुरे. गुरुजींच्या पहिल्या भेटीत आम्ही सात-आठ मिनिटे दिली होती. तो अर्धा तास तेव्हाच दिला असता, तर चुंबक उशीखाली जाण्याची वेळ कदाचित आली नसती. वाचक चिकित्सकांनी आमच्या या चुकीचा लाभ घ्यावा, एवढीच अपेक्षा.